मान टाकलेले झाड पुन्हा कसे सावरावे?

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात आज असंख्य कुटुंबे इमारतींतील लहान घरांत राहतात. अंगण नसले तरी खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा टीव्हीशेजारी एखादी कुंडी असतेच. चार-सहा महिन्यांत तिची पाने पिवळी पडतात, झाड मान टाकते आणि "आमच्या हाताला गुणच नाही" असे म्हणून कुंडी जिन्यात जाऊन पडते. वास्तविक दोष हाताचा नसतो. कारण न शोधण्याचा असतो.

आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. चाळीतली खोली सोडताना आईने तिथला मनी प्लांट सोबत आणला होता. नव्या घरात तो सुकू लागला. सकाळी लोकल गाठण्यापूर्वी मी पाणी घालायचो, दुपारी शाळेतून आलेली मुलगी घालायची, संध्याकाळी आई. झाड जितके सुकले, तितके आमचे पाणी वाढले. शेवटी कुंडी उपडी केली, तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती.

असे का होते? मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळीत ही हवा असते. सतत पाणी घातले की पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही व ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून चिखलात उभे असलेले झाडही तहानलेल्या झाडासारखेच मान टाकते. आपण फसतो ते इथेच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते, ऊन कमी असते. माती लवकर वाळत नाही. त्या दिवसांत ही चूक अधिक महागात पडते.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. माती कोरडी असेल तर तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे आणि बशीत साठलेले ओतून टाकावे. कुंडीला छिद्र नसेल तर आधी ते पाडावे.

मुळे कुजली असल्यास झाड हलकेच बाहेर काढावे. मऊ, काळपट, वास येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. पांढरी, टणक मुळे ठेवावीत. पिवळी पानेही काढावीत. माती, चाळलेले शेणखत व जाड वाळू यांच्या भुसभुशीत मिश्रणात झाड पुन्हा लावावे. कुंडी मोठी घेऊ नये. जादा माती जादा ओल धरते. भरपूर उजेड, पण कडक ऊन नाही, अशी जागा द्यावी. नवे पान फुटेपर्यंत खत देऊ नये. आजारी माणसाला आपण पंगतीचे जेवण वाढत नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण होय. ओल्या फडक्याने तो पुसावा आणि १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व साबणाचे चार थेंब मिसळून आठवड्यातून एकदा फवारावे.

मुळे पूर्ण गेली तरी मनी प्लांटची आशा संपत नाही. हिरव्या वेलीचा, पेर असलेला तुकडा कापून पेर पाण्यात बुडेल असा बाटलीत ठेवावा व पाणी दर आठवड्याला बदलावे. काही आठवड्यांत मुळे फुटतात. मात्र ही पाने चावल्यास तोंडाची आग होते. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आमच्या वेलीचे तीन तुकडे जगले. एक आईच्या खिडकीत आहे, दोन शेजाऱ्यांकडे गेले. पाणी घालण्याचे काम आता मुलीकडे आहे. ती आधी बोट घालून पाहते, मगच तांब्या उचलते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी अवश्य करावा. माया हवीच, पण मायेला निरीक्षणाची जोड मिळाली तरच झाड जगते.