दवात उतरलेला पखवाज

औंढ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नागनाथासमोर नामदेवांचं कीर्तन चाललेलं, पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागं जायला सांगितलं, ते मागं जाऊन उभे राहिले आणि देऊळच तिकडं फिरलं. नंदी मात्र जागचा हलला नाही, म्हणून तो आजही मागच्या बाजूला आहे, असं म्हणतात.

आपल्यासारख्या साथ करणाऱ्यांसाठी देऊळ फिरत नाही. मांडवाच्या ज्या कोपऱ्यात बसवतील तिथं बसायचं, आणि तो कोपरा बहुतेक वेळा उघड्या शेताकडचा असतो. जूनमध्ये त्याचं काही वाटत नाही. मार्गशीर्षात पहाटे चार वाजता मात्र त्या कोपऱ्यातच सगळा कार्यक्रम बिघडतो. तो कसा बिघडतो आणि आधी काय करून ठेवलं तर निभावतं, हे एकेक करून पाहू.

आपल्या भागात कामाचा हंगाम नेमका थंडीतच. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा. कार्तिकी एकादशी म्हणजे नामदेवांचा जन्मदिवस. परंपरेनं तो शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० चा मानतात आणि जन्मगाव आपलं नर्सी. मग चंपाषष्ठी, दत्तजयंती, आणि सुगी आटपेल तसतसे गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह, ते थेट औंढ्याच्या महाशिवरात्रीपर्यंत. सेनगावपासून वसमतपर्यंत मृदंगवाल्याची मोटारसायकल या चार महिन्यांत थंड होत नाही, तिच्यावरचा माणूस होतो.

सप्ताहाचा दिवस कसा असतो ते आधी डोळ्यांसमोर आणा. पहाटे चारला काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन, त्यापुढं जागर. पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली, आणि त्याच दिवशी दुपारी दोनला अठ्ठावीस-तीस. वाद्य तेच, वाजवणारा तोच, पण कातड्याला एका दिवसात दोन ऋतू सोसावे लागतात.

इथं एक गैरसमज दूर करू. थंडीनं पखवाज उतरतो, असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर तो थंडीनं उतरत नाही, ओलीनं उतरतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते, हवेतली वाफ दव होऊन बसते आणि पुडीचं कातडं ती ओल पितं. ओलं कातडं सैल पडतं, म्हणजे आवाज खाली येतो. दुपारी हवा कोरडी झाली की तेच कातडं ओढलं जातं आणि आवाज चढतो. पुडी म्हणजे वाद्याच्या तोंडावर ताणून बसवलेलं, मधोमध काळी शाई असलेलं कातडं. आपल्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथं आहे.

आता पेटीकडं बघा. पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे. त्यांच्यावर दवाचा परिणाम जवळजवळ नाही आणि थंडीचा इतका किरकोळ की कानाला कळत नाही. वीणेच्या तारा थंडीत आखडतात आणि किंचित चढतात. बासरी असेल तर तिचं उलटं: थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, दर अंशामागं सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं. वीस अंशांच्या फरकानं बासरी अर्ध्या पट्टीच्या आसपास खाली येऊ शकते. फुंकेची ऊब तिला थोडी सावरते, एवढंच. थोडक्यात, पखवाज खाली, वीणा वर, बासरी खाली, पेटी जागेवर. म्हणून मंडळात भांडण झालं तर पेटीचं ऐकायचं. पेटीवाल्याचं ऐकायचं की नाही, तो वेगळा विषय.

पहिलं काम आदल्या रात्री करायचं: काकड्याची पट्टी ठरवायची. रात्रीच्या कीर्तनात काळी दोनला गाणारा गायक पहाटे चारला तिथं पोचत नाही. गळा झोपलेला असतो, हवा बोचरी असते. काकड्याला पांढरी एक किंवा काळी एक घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. पण पट्टी उतरवणं काही गायकांना कमीपणाचं वाटतं. मग पहिल्या अभंगाला ताणलेला आवाज चौथ्या दिवशी बसतो आणि काल्याला दुसरा गायक शोधावा लागतो.

पट्टी पहाटे ऐनवेळी बदलली तर पखवाजवाल्याची पंचाईत होते. एक पखवाज साधारण अर्धी-एक पट्टी वर-खाली नेता येतो. त्यापलीकडं नेला तर वर पुडी फाटायची भीती, खाली आवाज बद्द. म्हणून रात्री निजण्याआधी विचारा. जमत असेल तर दुसऱ्या पट्टीचा पखवाज सोबत असू द्या.

दुसरं काम प्रवासाचं. रात्री मोटारसायकलवर पखवाज पाठीला बांधून कयाधूच्या काठानं जाणं म्हणजे वाद्याला ओल पाजणं आहे. साध्या कापडी खोळीवर प्लास्टिकची मोठी पिशवी आणि त्यावर गोधडी, असं गुंडाळा. प्लास्टिक एकटं नको. आतली वाफ कोंडते. आणि हातमोजे घाला. हात गारठलेला असला की ‘धा’ निघतो, ‘तिरकिट’ निघत नाही.

तिसरं, पोचल्यावर थांबणं. सर्वांत जास्त चूक इथं होते. गरम घरात बसून आपण पखवाज छान लावतो, मांडवात नेतो आणि दहा मिनिटांत तो अर्धी पट्टी खाली. मग माईकवरून ठोकाठोक, महाराज बघत बसलेले. त्याऐवजी कार्यक्रमाच्या तासभर आधी वाद्य मांडवात न्या, खोळ काढा, ओल्या सतरंजीवर न ठेवता जाड घडीवर ठेवा आणि अर्धा तास त्याला त्या हवेत बसू द्या. लावायचं त्यानंतर. बसताना पाठ वाऱ्याकडं आणि शाईचं तोंड आतल्या बाजूला येईल असं बघा. मांडव घालणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगितलं तर ते त्या अंगाला एक कनात लावतात. न सांगता लावतील अशी आशा ठेवू नका.

चौथं, कणीक. डाव्या तोंडाला, ज्याला आपण धुम म्हणतो, गव्हाची कणीक लावतात; तिच्या वजनानं तो घुमारदार, खर्जातला आवाज येतो. थंडीत दोन चुका होतात. गार पाण्यात भिजवलेली कणीक कडक राहते आणि नीट चिकटत नाही, म्हणून पाणी कोमट घ्या. दुसरी चूक म्हणजे सवयीनं धुमेला आधी पाण्याचा हात फिरवणं. दवाच्या पहाटे कातडं आधीच ओलं असतं. तिथं पाणी नको, कणीक थोडी घट्टच हवी. दुपारच्या भजनाला मात्र ती सुकून भेगाळते. उरलेला गोळा ओल्या फडक्यात बांधून जवळ ठेवा आणि मधे बोटानं ओल देत राहा.

पाचवं, लावणं. कडेनं जी चामड्याची वेणी असते तो गजरा. त्याची सोळा घरं. वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे ते गठ्ठे. आवाज बराच खाली असेल तर आधी गठ्ठे धुमेच्या दिशेनं सरकवा, म्हणजे ताण वाढेल. मग बारीक काम गजऱ्यावर: शाईकडच्या अंगानं ठोका मारला की चढतो, खालून वर मारला की उतरतो.

एका घरावर ठोका दिला की पुढचा लगेच समोरच्या घरावर द्या, शेजारच्या नव्हे. एकाच बाजूनं ताणत गेलं की पुडी तिरकी बसते आणि प्रत्येक घर वेगळं बोलायला लागतं. पहाटे घाईत असं झालं की दिवसभर ती पुडी सरळ होत नाही.

आणि शेकोटी. प्रत्येक गावात एक शहाणा भेटतो, तो म्हणतो, ‘जाळापुढं धरा की जरा.’ हलगीवाला हलगी शेकतो, ते त्याचं बरोबर आहे. हलगीला शाई नसते, नुसतं कातडं असतं. ओल उडाली की ते टणक बोलतं. पखवाजाची शाई लोखंडाच्या भुकटीची आणि खळीची, थरावर थर घासून बसवलेली. जाळानं कातडं एकदम आखडतं, शाई तितकी आखडत नाही, मग तिला तडे जातात आणि कवडी निघते. कवडी निघाली की नव्या पुडीचा खर्च, आणि एका सप्ताहाच्या बिदागीतला मोठा तुकडा त्यात जातो. ओल घालवायचीच असेल तर कोरड्या सुती फडक्यानं पुडी हलके टिपा आणि वाद्य गोधडीत गुंडाळून ठेवा. वेळ लागतो, पण पुडी राहते.

सहावं, पेटी. तिचा सूर हलत नाही म्हणून तिला काही होत नाही, असं नाही. लाकडी पट्ट्या ओलीनं फुगतात आणि एखादी दाबलेली पट्टी वर येतच नाही. मग तो सूर सगळ्या अभंगांत नकोसा पाहुणा होऊन बसतो. भर कीर्तनात झाकण उघडून बसू नका. पट्टी बोटानं उचला आणि त्या सुराला वळसा घालून वाजवा. कार्यक्रम झाल्यावर पेटी दुपारी सावलीत उघडी ठेवा. ऊन नको, उन्हानं लाकूड वाकतं. रात्री तिच्यावर नुसतं उपरणं टाकून निजू नका, जाड चादर टाका.

सातवं, गळा आणि हात. काकड्याआधी पाच मिनिटं खर्जात ‘आ’ लावा, तोंड मिटून नुसता हुंकार दिला तरी चालेल. मफलर गळ्यालाच नको, नाकावरूनही घ्या. गार हवा तोंडानं ओढली की घसा लगेच कोरडा पडतो. कापूस वेचणीचे आणि तुरीच्या मळणीचे दिवस असतात, मांडवात धूळ असतेच. चहा दर अर्ध्या तासाला येतो आणि नाही म्हणवत नाही, पण मधून कोमट पाणीही घ्या. आपला जिल्हा हळदीचा, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा रात्री हळद-दूध मागायला संकोच कसला? घरचे आनंदानं देतात. आवाज बसलाच तर कुजबुजत बोलू नका, गप्प राहा. कुजबुजणं घशाला बोलण्याइतकंच जड जातं.

बोटं फुटतात. तेल किंवा व्हॅसलीन निजताना लावा, वाजवायच्या आधी नाही. तेलकट बोट शाईवर फिरलं की ती जागा मेलीच समजा. हात गरम करायला कोमट पाण्यात बुडवून कोरडे पुसा.

आठवं, वाजवता वाजवता कान उघडा ठेवणं. काकडा सुरू होतो तेव्हा दव पडतच असतं, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात पखवाज खाली सरकणार हे गृहीत धरा आणि लावतानाच तो कणभर वर ठेवा. गायक बोलायला थांबला की गजऱ्यावर दोन ठोके. गजराच्या वेळी, टाळ भरात आले असताना, हातोडी उचलू नका. त्या कल्लोळात खाली-वर कळत नाही आणि आपण उगाच भलतीकडं नेतो.

ध्वनिक्षेपकाचं एक सांगून ठेवतो. दवानं माईकचा दांडा ओला होतो, जमीन ओली, पाय अनवाणी, आणि वायर कुठंतरी सोललेली. ओठाला माईक लागून झटका बसलेले गायक मी पाहिले आहेत. मंडपवाल्याला अर्थिंग विचारा. लाजू नका.

ढगाळ दिवसांचं गणित निराळं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस मराठवाड्यात अवकाळी पाऊस झाला, तसं आभाळ आलं की दुपारही पहाटेसारखीच ओली जाते. पुडी दिवसभर सुकत नाही आणि गठ्ठे कितीही ठोकले तरी आवाज उठत नाही. अशा वेळी ठोकत राहणं हीच चूक. ओल्या कातड्यावर जितका ताण दिला तितका तो उद्या ऊन पडल्यावर दुप्पट जाणवतो आणि कोणी हात न लावता पुडी फाटते. आभाळाच्या दिवशी पट्टी खाली आणा, गायकाला सांगा, पेटीवाल्याला सांगा.

उरलं काल्याचं कीर्तन. शेवटच्या दिवशी सकाळी दहा ते बारा, ऊन मांडवाच्या कापडातून खाली येत असतं, बायाबापड्या दहीहंडीची वाट बघत असतात. सात दिवसांत एवढंच कीर्तन असं असतं की पखवाज खाली न जाता वर वर चढतो. सगळा आठवडा वर ठोकायची सवय झालेली, म्हणून हात आपोआप चुकीच्या अंगानं पडतो. साडेअकराच्या सुमारास एकदा मुद्दाम ऐका आणि गजऱ्यावर खालून मारा.

काला वाटून झाला, नारळ आणि बिदागी हातात आली, की जेवायला बसण्याआधी धुमेची कणीक काढा. वाळली की कातड्याचा पापुद्रा घेऊन निघते, आणि राहिली तर रात्री उंदीर ती कातड्यासकट खातात. ओलसर फडक्यानं धुम पुसा, तोंडं सावलीत वाळू द्या, गोधडीत बांधा. काढलेला गोळा मांडवामागं बांधलेल्या गाईपुढं टाका. सात दिवसांत तिला त्याची सवय झालेली असते, ती आपल्याकडंच बघत असते.