ज्वरशामक द्रव औषधे, शिशूंची

तान्ह्या मुलांचा ताप उतरविण्यासाठी व वेदना कमी करण्यासाठी तोंडावाटे द्यावयाची द्रवरूप औषधे. भारतात यांपैकी पॅरासिटामॉल सर्वाधिक प्रचारात असून ते सामान्यतः डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. हार्मन मोर्स यांनी ते १८७८ मध्ये तयार केले. तथापि त्याचा प्रसार १९४८ मधील ब्रॉडी व ॲक्सेलरॉड यांच्या संशोधनानंतर झाला. ॲस्पिरिनमुळे मुलांत यकृत व मेंदू यांना इजा करणारा राय लक्षणसमूह उद्भवू शकत असल्याने ते तापासाठी मुलांना देत नाहीत.

मात्रा वयापेक्षा वजनावर ठरवितात. ती दर किग्रॅ. वजनास १० ते १५ मिग्रॅ. असून दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर ठेवतात. हे औषध निरनिराळ्या तीव्रतेत मिळते. ५ मिलि. मध्ये १२० मिग्रॅ. असलेल्या सिरपच्या ३ मिलि. मध्ये ७२ मिग्रॅ. औषध असते व ते ६ किग्रॅ. वजनाच्या शिशूस योग्य ठरते. मात्र १ मिलि. मध्ये १०० मिग्रॅ. असलेले थेंब तेवढेच दिल्यास ३०० मिग्रॅ., म्हणजे चौपटीहून अधिक औषध पोटात जाते. अतिमात्रेमुळे यकृताचा नाश होऊ शकतो व आरंभी लक्षणे फारशी दिसत नाहीत. म्हणून बाटलीवरील तीव्रता वाचून सोबतच्या मापानेच औषध द्यावे. घरातील चमचा वापरू नये. सर्दीच्या मिश्रणांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुहेरी मात्रा दिली जाते.

पॅरासिटामॉल थंड पाण्यात अल्प विरघळते. त्यामुळे द्रव औषधांत प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन इ. पदार्थ वापरतात. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले असल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. ते गोडसर व वर्णहीन असल्याने चव वा रंग यांवरून ओळखता येत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. लेंटिन आयोगाने औषधनियंत्रणातील गंभीर दोष उघड केले. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात पॅरासिटामॉलयुक्त दूषित सिरपमुळे वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांपैकी अनेकांवर नागपूर येथे उपचार झाले होते. कच्च्या मालाच्या प्रत्येक गटाची रासायनिक तपासणी हाच यावरील खरा उपाय होय.

ताप हे रोगाचे लक्षण आहे; तो उतरला म्हणजे रोग बरा झाला असे नाही. तीन महिन्यांखालील शिशूस ताप आल्यास, तसेच औषधानंतर लघवी कमी झाल्यास, मूल निपचित पडल्यास वा दूध पीत नसल्यास तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे.