तुझा हँडिकॅप किती?

सीनिअरने हे विचारलं तर चिडू नका, तो तुमची उणीव काढत नाहीये. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे तुम्हाला मिळणारी फटक्यांची सवलत. म्हणूनच माझ्यासारखी नवशिकी दहा वर्षं खेळणाऱ्याशी पैज लावू शकते, आणि चक्क जिंकूही शकते!

हिशेब मात्र सीए मित्राला आवडेल असा. समजा, तुम्ही ९५ फटके घेतलेत. कोर्सचं रेटिंग ७१, म्हणजे पट्टीच्या खेळाडूला तिथे साधारण एवढे लागतात. ९५ वजा ७१, उरले २४. याला ११३ने गुणा आणि कोर्सच्या स्लोपने, समजा १२५ने, भागा. उत्तर २१.७. ११३ हा सर्वसाधारण कोर्सचा स्लोप. कोर्स जितका खडूस, तितका तुमचा आकडा खाली येतो.

२०२०मध्ये आलेल्या जागतिक पद्धतीनुसार शेवटच्या २० राउंड्समधल्या सर्वांत चांगल्या ८ची सरासरी म्हणजे तुमचा इंडेक्स. बाकी १२ विसरा! बॅटिंग ॲव्हरेजमध्ये भोपळेही धरतात, इथे नाही. त्यामुळे बहुतेक दिवशी आपण हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळतो. हे कळल्यावर मला केवढं हायसं वाटलं.

गोची वेगळीच आहे. बक्षिसासाठी चांगली कार्डं लपवून इंडेक्स फुगवणारे महाभाग असतात. त्यांना सँडबॅगर म्हणतात. वर्षभरातल्या सर्वांत कमी इंडेक्सच्या वर ५पेक्षा जास्त चढता येत नाही, हा त्यावरचा लगाम. तरी कार्ड जमा करायचं की खिशात ठेवायचं, हे शेवटी खेळणाऱ्याच्याच हातात.

सुरुवात सोपी आहे: ५४ होल्सची कार्डं, म्हणजे तीन पूर्ण राउंड्स.