जुनी पोर्शे घेताना किलोमीटरपेक्षा निर्मितिवर्ष महत्त्वाचे

वापरलेली स्पोर्ट्स कार घेताना ग्राहक प्रथम किंमत आणि नंतर धावलेले किलोमीटर पाहतो. पोर्शे कंपनीच्या जुन्या बॉक्स्टर आणि ९११ या मोटारींबाबत मात्र निर्मितिवर्षाला अधिक महत्त्व आहे. कारण इंजिनात कोणते बेअरिंग बसवले आहे, हे प्रामुख्याने त्यावरून कळते.

१९९६ मधील बॉक्स्टर आणि १९९७ मधील ‘९९६’ श्रेणीतील ९११ यांच्यासोबत कंपनीने पाण्याने थंड होणारे सहा सिलिंडरचे नवे इंजिन आणले. त्यात क्रँकशाफ्टची गती साखळ्यांद्वारे कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणारा मधला दांडा, म्हणजेच इंटरमीडिएट शाफ्ट असतो. त्याचे एक टोक बंदिस्त बॉल बेअरिंगवर फिरते. बेअरिंगचे सील खराब झाल्यास आतील ग्रीस धुऊन जाते, गोळ्या झिजतात आणि दांडा जागेवरून ढळतो. साखळीचा मेळ बिघडून पिस्टन व व्हॉल्व्ह परस्परांवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. त्याच्या दुरुस्तीचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या आसपास जातो.

बहुसंख्य गाड्यांत असा बिघाड होत नाही. तथापि धोका सर्व वर्षांत सारखा नाही. सुरुवातीच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगपेक्षा नंतरचे एकेरी ओळीचे बेअरिंग अधिक नाजूक ठरले. अमेरिकेत २००१ ते २००५ या मॉडेल-वर्षांतील गाड्यांबाबतच्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. २००६ ते २००८ दरम्यानचे बेअरिंग आकाराने मोठे व तुलनेने टिकाऊ आहे. परंतु इंजिन पूर्ण उघडल्याखेरीज ते बदलता येत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत हा दांडाच नाही. ९९६ श्रेणीतील टर्बो आणि जीटी३ यांची इंजिने वेगळ्या रचनेची असल्याने त्यांना हा दोष लागू होत नाही.

त्यामुळे बेअरिंग बदलल्याची पावती असलेली २००३ ची बॉक्स्टर, कमी धावलेल्या पण कागदपत्रे नसलेल्या गाडीपेक्षा चांगली निवड ठरू शकते. दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी सुरक्षित असते, हा समजही चुकीचा आहे. जुन्या गाड्यांत क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवला जातो, तेव्हाच बेअरिंगही बदलता येते. व्यवहारापूर्वी ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, हे पाहावे. कॅमेऱ्याची नळी आत सोडून सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का, हेही तपासावे. २००९ पूर्वीच्या मोठ्या क्षमतेच्या इंजिनांत हा दुसरा दोष आढळतो.

भारतात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. यांपैकी बहुतेक गाड्यांनी ती मुदत ओलांडली आहे. म्हणून तपासणी आणि संभाव्य दुरुस्ती यांसाठीची रक्कम वेगळी ठेवूनच गाडीची किंमत ठरवणे हिताचे आहे.