पायी आलेला विद्यार्थी

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी या उपनगरातील शाखेत माझी बदली झाली, तेव्हा घरच्या मंडळींना वाटले की या गावाच्या नावात मराठ्यांचा काही संबंध असणार. मीही तसेच समजत होतो. येथे आल्यावर कळले की उच्चार 'मारतहळ्ळी' असा आहे आणि 'हळ्ळी' म्हणजे खेडे. मराठी माणसाचा संबंध मात्र जवळच सापडला. शेजारचा हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. पुढे बाह्य वर्तुळ मार्ग आला, संगणक कंपन्या आल्या, आणि शेतांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. २००८ साली प्रवासी विमानतळ येथून देवनहळ्ळीला गेला. माणसांचा ओघ मात्र थांबला नाही.

गेल्या वर्षी जून महिन्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन शाखेत आल्या. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी खाते उघडायचे होते. मी फोनवर पुण्याशी बोलत होतो ते ऐकून त्यांनी विचारले, "साहेब, तुमी मराठी हाव?" त्या बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्याच्या. पती गवंडीकाम करतात, त्या स्वतः एका गृहसंकुलात साफसफाईचे काम करतात. मुलगी गावी सातवीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकली. कर्नाटक सरकार सीमाभागात अशा शाळा चालविते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आता ती येथील सरकारी हायस्कुलात, कन्नड माध्यमाच्या आठवीत दाखल झाली होती. कन्नड ती दुसरी भाषा म्हणून शिकलेली. परंतु गणित आणि विज्ञान कन्नडमधून समजून घेणे ही गोष्ट वेगळी. "पोरीला गणित समजंना," आई म्हणाली. "शाळेत ठेवावं का घरी बसवावं, कळंना."

मुलीने नमुना सहीच्या कार्डावर देवनागरीत, एकेक अक्षर जपून, सही केली. खाते उघडले गेले. आईच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

ही हकिगत मी आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगितली. ते मूळचे बंगळूरचे. क्षणभर थांबून म्हणाले, "दुसऱ्या शनिवारी सुट्टी आहे. माझी शाळा पाहायला चला." त्यांची शाळा म्हणजे बसवनगुडीला लागून, विश्वेश्वरपुरम् भागात असलेले नॅशनल हायस्कूल. मारतहळ्ळीहून ती सोळा-सतरा किलोमीटर दूर; रहदारीमुळे पोहोचायला दीड तास लागला. त्या दीड तासात मला त्या शाळेचा इतिहास ऐकायला मिळाला.

आज शहराच्या मध्यात वाटणारी बसवनगुडी ही एके काळी मारतहळ्ळीसारखीच नवी वस्ती होती. १८९८ साली बंगळुरात प्लेग आला. जुन्या पेठांतील दाटी कमी करण्यासाठी शहराबाहेर मोकळ्या जागेवर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् ही उपनगरे आखण्यात आली. घरे झाली, रस्ते झाले, आणि मग शाळेची गरज भासली. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतील राष्ट्रीय शिक्षणाचा विचार तेव्हा देशभर पसरला होता. ॲनी बेझंट यांनी दक्षिणेत चालविलेल्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून १९१७ साली हे हायस्कूल सुरू झाले. त्याच वर्षी बेझंटबाईंना मद्रास सरकारने स्थानबद्ध केले होते आणि वर्षअखेरीस त्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या.

१९३५ साली या शाळेत एक विद्यार्थी आला, तो पायी. गौरीबिदनूर तालुक्यातील होसूर या खेड्यातला. घरची अत्यंत गरिबी, गावात हायस्कूल नाही, गाडीभाड्याला पैसे नाहीत. गावच्या शाळेतील शिक्षकांनी धीर दिला म्हणून दोन दिवस चालत, सुमारे ऐंशी किलोमीटर अंतर तोडून, तो बंगळुरात पोहोचला. त्याचे नाव एच. नरसिंहय्या. त्या काळी म्हैसूर संस्थानात पुष्कळ गरीब मुले 'वारान्ना'वर शिकत. आपल्याकडे वार लावून जेवत, तसेच हे. काहींना मोफत वसतिगृहांचा आधार असे. संपत्गिरी राव यांच्यासारखे मुख्याध्यापक शाळेला लाभले होते. १९३६ साली महात्मा गांधी शाळेत आले, तेव्हा त्यांच्या हिंदी भाषणाचा कन्नड अनुवाद करण्याचे काम याच विद्यार्थ्याकडे आले. खादी आणि गांधी टोपी त्यांनी पुढे जन्मभर सोडली नाही. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी शिक्षण सोडून तुरुंगवास पत्करला. त्यातील काही काळ पुण्याच्या येरवडा कारागृहात गेला.

पुढे ते त्याच संस्थेच्या नॅशनल कॉलेजात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतले, प्राचार्य झाले, बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. अविवाहित राहिलेल्या या माणसाचे घर म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहातील खोली. २००५ साली त्यांचे निधन झाले, तोवर ते तेथेच राहत होते.

"आमच्या शाळेतून अनिल कुंबळेही बाहेर पडले," सहकारी अभिमानाने म्हणाले. कसोटीत ६१९ बळी घेणाऱ्या गोलंदाजाची शाळा म्हटल्यावर मीही मैदानाकडे आदराने पाहिले. मग त्यांनी गांधी बाजारातील 'विद्यार्थी भवन'मध्ये नेऊन डोसा खाऊ घातला. १९४३ साली विद्यार्थ्यांसाठी निघालेले हे उपाहारगृह. आज रांगेत उभे राहणाऱ्यांत विद्यार्थी कमी आणि माजी विद्यार्थी अधिक असावेत. डोसा संपवताना ते शांतपणे म्हणाले, "पायी आलेल्या मुलाला त्या दिवशी कोणी दारातून परत पाठविले असते, तर?"

सोमवारी आम्ही दोघे त्या मुलीच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी सांगितले की परराज्यांतून आणि सीमाभागातून आलेली अशी बरीच मुले त्यांच्या वर्गांत आहेत. दुपारचे जेवण शाळेत मिळते, पुस्तके मिळतात. कमी पडते ती भाषा, आणि त्याहून अधिक पालकांचा धीर. गणिताच्या शिक्षिका शाळा सुटल्यावर अशा मुलांना अर्धा तास थांबवून घेऊ लागल्या. माझे काम सोपे होते. संज्ञांची मराठी-कन्नड यादी करायची आणि आईला दर महिन्याला सांगायचे, "अजून थोडे दिवस थांबा."

मार्च महिन्यात शिष्यवृत्ती जमा झाली. मुलगी एकटीच शाखेत आली. तिने पैसे काढण्याची स्लिप स्वतः भरली. नाव, तारीख, अक्षरी रक्कम, सारे सुरेख कन्नडमध्ये. सही मात्र देवनागरीत. "तीही कन्नडमध्ये करायची का?" तिने विचारले. मी म्हटले, "नको. नमुन्याशी जुळली पाहिजे."

ती यंदा नववीत आहे.