मारबतीची साद आणि भुताची गाणी

आमच्या लहानपणी पोळ्याची रात्र सरता सरता गल्लीत आरडाओरडा सुरू व्हायचा. दाराशी रोवलेल्या पळसाच्या फांद्या, ज्यांना आपल्याकडे मेढे म्हणतात, त्या उपटून मोठी मुले गावाबाहेर निघालेली असत. एकेका रोगाचे, एकेका किड्याचे नाव घेऊन ती मारबतीला विनवीत, की बाई, यालाही सोबत ने. खोकला, ताप, खरूज, ढेकूण, डास! चाल म्हणाल तर धड नव्हती. पण ठेका असा पक्का, की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप चालू लागत. भुताखेतांच्या गाण्यांशी माझी पहिली ओळख ती.

ही मारबत म्हणजे कोण? लोक सांगतात, ती पूतना. बाळकृष्णाला विषारी दूध पाजायला आलेली राक्षसी. तिला मारले आणि गावाबाहेर नेऊन जाळले. नागपुरात तिची मोठी मिरवणूक निघते हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि तऱ्हाणे तेली समाजाच्या पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची, असे सांगण्यात येते. इतवारी-महालाच्या जुन्या वस्त्यांतून दोघी निघतात, मागे बडगे असतात. गंमत म्हणजे ज्या राक्षसीला जाळायचे, त्याच पिवळ्या मारबतीच्या पायाशी बाया लेकरांना घेऊन येतात, तिची ओटी भरतात. लेकरांवरची पीडा नेणारी ती, मग तिच्याशी वाकडे कशाला घ्या, असा हा व्यवहार.

या घोषगीताची बांधणी मोठी सोयीची आहे. एकाने नाव उच्चारायचे, बाकीच्यांनी साद पुरी करायची. नावाची जागा रिकामी असते, म्हणून गाणे कधी जुने होत नाही. देवी आणि पटकीच्या काळात तिथे त्या रोगांची नावे बसत असतील. आज महागाई येते, भ्रष्टाचार येतो, डेंग्यू येतो; बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या वाचल्या, की त्या वर्षी नागपूरकराला काय काय छळत होते ते कळते. इतका नियमित वार्षिक अहवाल आमच्या एखाद्या खात्याने काढला असता तर! असो.

पण रिकाम्या जागेत माणसाचे नाव बसले, की मामला वेगळा होतो. काळी मारबत ही बांकाबाई भोसले यांची प्रतिमा, असे नागपुरात सर्रास सांगितले जाते. बांकाबाई दुसऱ्या रघुजींच्या पत्नी. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब गेले, इंग्रजांच्या संमतीने तिसरे रघुजी दत्तक आले आणि कारभारात बांकाबाईंचा शब्द चालू लागला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. १८५७ मध्येही त्या इंग्रजांच्या विरोधात गेल्या नाहीत. याचा राग लोकांनी धरला, हे समजण्यासारखे आहे. मात्र लढाई हरलेले, तहावर सह्या करणारे पुरुष बाजूला राहिले आणि काळा रंग तेवढा बाईच्या तोंडाला लागला, हे मला नेहमी खटकते. त्या १८५८ मध्ये वारल्या. मिरवणूक सुरू झाली त्याला त्यानंतर तेवीस वर्षे लोटली होती.

दूर मेक्सिकोतही असेच घडलेले दिसते. तिथे 'ला योरोना', म्हणजे रडणारी बाई, या नावाचे लोकगीत घरोघर माहीत आहे. २०१७ च्या 'कोको' या चित्रपटामुळे ते आपल्या मुलांच्याही कानांवर गेले. दंतकथा अशी, की फसवल्या गेलेल्या बाईने आपली लेकरे नदीत बुडवली आणि ती रात्री काठाकाठाने रडत हिंडते. पोरांनी सांजवेळी पाण्याकडे जाऊ नये, हा त्यातला घरगुती उपयोग. आपल्याकडे तेच काम विहिरीतल्या, डोहातल्या साती आसरा करतात. तिथल्या व्हेराक्रूस भागात 'ला ब्रूहा', चेटकीण, नावाचे गीत आहे. पण त्यातली चेटकीण भीतीपेक्षा मोहच जास्त घालते. मेक्सिकन माणूस आपल्या भुताच्या प्रेमात पडतो, मराठी माणूस त्याला गावाबाहेर पोचवून येतो!

अर्थात यालाही अपवाद आहे, आणि तो साक्षात संत एकनाथांचा. सोळाव्या शतकात नाथांनी भुतावर भारूड रचले. अंगात आलेल्या बाईच्या तोंडून ते चालते. भूत जबरदस्त आहे, देवऋषी आणून काही गुण येत नाही. तेच ध्रुवाला लागले, नारदाला लागले. ऐकणारे घाबरून बसलेले असताना हळूच उलगडते, की हे भूत म्हणजे देवच आहे. मांत्रिकाची भाषा, मांत्रिकाचा थाट सगळा घ्यायचा आणि मांत्रिकाचा धंदा मात्र बसवायचा, ही किमया नाथांचीच. पुढे आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी कीर्तनातून तोच घाव घातला. त्यांनी रूपकाची वाट पाहिली नाही, श्रोत्यांनाच उलट प्रश्न विचारून अडचणीत आणले.

तरीही हा प्रश्न संपलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील एका गावात करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायांसह सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा होता, पोलीस आले, गुन्हा नोंदवला गेला. पण चौकात दोर बांधले जात असताना पाहणारे गावचेच होते.

हे वाचले तेव्हा मला आमची ती पहाट आठवली. एका वर्षी ढेकूण-डासांच्या ओळीत कुणी तरी गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे नाव घातले. ठेक्यात ते चपखल बसले, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ओरडून साद दिली. माझी आजी तशीच अनवाणी बाहेर आली. कुणाला रागावली नाही. मला हाताला धरून घरात नेले, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या ताटात घातल्या आणि ते ताट माझ्या हातात देऊन म्हणाली, "जा बाबू, तिले नेऊन दे. अन् ती खाईस्तोवर तिथंच बस."