निषेधाला क्रियापद कोणते?

निषेध करावा, नोंदवावा की व्यक्त करावा, हा प्रश्न मराठी माणसाला सहसा पडत नाही, तिन्ही चालतात. पण हीच गोष्ट इंग्रजीत लिहावयाची वेळ आली म्हणजे कचेरीत अर्ज धाडणाऱ्या गृहस्थापासून वर्तमानपत्राला पत्र लिहिणाऱ्या शिक्षकापर्यंत पुष्कळांची लेखणी ‘प्रोटेस्ट’ ह्या नामापाशी येऊन अडखळते. मनात मराठीतले ‘करणे’ घोळत असते, म्हणून हात ‘डू’ लिहून मोकळा होतो. आणि इंग्रजी कानाला ते साफ खटकते.

ह्यात इंग्रजीचा काही विशेष तऱ्हेवाईकपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. आपल्याकडे उपास सोडतात आणि उपास मोडतात. नाम तेच, पण पहिल्यात व्रत पार पडले आणि दुसऱ्यात ते बिघडले. नुसते ‘उपास’ म्हणून भागत नाही. काय घडले ते क्रियापदच सांगते. ‘प्रोटेस्ट’चेही तसेच आहे.

ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील साक्ष देण्याचा धातू आहे. चारचौघांत उघडपणे साक्ष देणे हा त्याचा जुना अर्थ. १५२९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील स्पायर येथे साम्राज्यसभा भरली होती. तेथे बहुमताने ल्यूथरच्या सुधारणेविरुद्ध निर्णय झाला, तेव्हा अल्पमतातील काही राजांनी आणि चौदा शहरांनी आपली हरकत लेखी सादर केली. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव त्या लेखापासून पडले. ठराव तर हरलो, पण ह्या निर्णयात आम्हांला धरू नका, अशी ती साक्ष होती. इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभागृहातही विरुद्ध मत दिलेल्या सभासदाला आपली हरकत कारणांसह सभागृहाच्या दप्तरात लिहून ठेवण्याचा पूर्वापार अधिकार आहे. तेथे क्रियापद येते ‘एंटर’, म्हणजे वहीत चढविणे. व्यापारी मंडळींना आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. १८८१ च्या पराक्राम्य लेखांच्या कायद्याप्रमाणे हुंडी सकारली गेली नाही किंवा तिचे पैसे मिळाले नाहीत, तर नोटरी तसा दाखला देतो. त्या दाखल्याचे नावच ‘प्रोटेस्ट’. तिथे रागाचा लवलेश नाही, आहे ती फक्त नोंद.

हा जुना अर्थ ध्यानात ठेवला की क्रियापदांचा एक गट आपोआप उलगडतो. ‘लॉज’, ‘एंटर’, ‘रजिस्टर’, ‘फाइल’ ही सारी दप्तराची क्रियापदे. त्यांतले ‘लॉज’ आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते. एखादी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करून ठेवणे, असा त्यात भाव आहे. नगरपालिकेने घरपट्टी वाढविली आणि आपण मुख्याधिकाऱ्याकडे लेखी हरकत दिली, तर ‘लॉज’ लिहावे. कागद आता त्यांच्या ताब्यात गेला, उत्तराची जबाबदारी त्यांची. एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राच्या वकिलाकडे खलिता देते तेव्हाही हेच क्रियापद. ‘रजिस्टर’ त्याहून सैल आहे. तोंडी हरकतीलाही ते चालून जाते.

दुसरा गट रस्त्याचा. विसाव्या शतकात ‘प्रोटेस्ट’ म्हणजे लोकांनी जमून केलेले निदर्शन, हा अर्थ बळावला, आणि त्याबरोबर ‘होल्ड’, ‘ऑर्गनाइझ’, ‘स्टेज’ ही क्रियापदे आली. सभा ‘होल्ड’ करतात, तसेच निदर्शनही. ‘स्टेज’ हे मूळचे रंगभूमीचे. इंग्रज बातमीदार ते कसलाही उपहास न करता वापरतात, हे खरे. तरी आपल्याच चळवळीविषयी लिहिताना आम्ही ‘होल्ड’ पसंत करू. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात नाटकाचा वास येण्याची संधी कशाला द्यावी? आणि लेखी अर्जाविषयी ‘स्टेज’ लिहिले, तर आपण कचेरीच्या दारात घोषणा दिल्या असाच समज होईल. मोर्चा नेला आणि निवेदनही दिले, तर वाक्ये दोन करावीत, क्रियापदेही दोन.

मराठीतून इंग्रजी करताना खरी अडचण निराळीच असते. त्यांच्या एका नामाच्या जागी आपल्याकडे पाचसहा नामे आहेत आणि प्रत्येकाचे क्रियापद ठरलेले आहे. निदर्शने करतात, बहिष्कार घालतात, घोषणा देतात. हरताळ मात्र पाळतात, जणू ते एक व्रतच. मोर्चा पूर्वी बांधीत असत, कारण तो लढाईतला आडोसा होता. आज तो काढतात. १९५७ च्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रतापगडावर नेला तो ह्या नव्या अर्थाचा मोर्चा. धरणे तर इंग्रजीतही धरणेच राहिले: १८६० च्या दंडसंहितेतील, २०२४ च्या जुलैपर्यंत अमलात असलेल्या, ५०८ व्या कलमाच्या उदाहरणात दारात धरणे धरून बसणारा मनुष्य आहे, आणि इंग्रज मसुदाकारांनी त्याला ‘सिट’ हेच क्रियापद दिले आहे. सत्याग्रहाला गांधीजींच्या इंग्रजीत ‘ऑफर’ येते. प्रतिकाराला इंग्रजीत ते पूर्वीपासून लागत होते; पण सत्याग्रहाशेजारी येताच त्यात अर्पणाचा सूर मिसळतो, असे आमच्या कानाला वाटते.

दप्तर आणि रस्ता ह्यांच्याही पलीकडचे एक क्रियापद आहे. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर मे १९१९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड ह्यांना पत्र लिहून ‘सर’ ही पदवी परत केली. त्या पत्रात ‘प्रोटेस्ट’ला त्यांनी ‘लॉज’ लावले नाही की ‘मेक’ही लावले नाही. लक्षावधी देशबांधवांच्या निषेधाला आपण वाणी देत आहोत, ह्या अर्थाचे ‘गिव्ह व्हॉइस’ त्यांनी योजिले. निषेध लोकांच्या मनात होताच, तो भीतीने मुका झाला होता; लष्करी कायद्याखालील पंजाबात तो बोलून दाखविण्याची सोय नव्हती. ‘मेक’ म्हटले असते तर निषेध एकट्या कवीचा झाला असता. हल्ली सुटसुटीतपणे नुसते ‘व्हॉइस’ लिहितात.

व्यवहारात आणखी एक प्रयोग उपयोगी पडतो, आणि त्यात ‘प्रोटेस्ट’मागे ‘अंडर’ येते. वाढीव पट्टी न भरावी तर जप्तीची भीती, भरावी तर ती मान्य केल्यासारखे होते. अशा वेळी पैसे भरताना सोबतच्या पत्रात ‘अंडर प्रोटेस्ट’ असे लिहावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी. रक्कम दिली, पण ती खुशीने दिली नाही आणि परत मागण्याचा हक्क सोडला नाही, एवढे त्या दोन शब्दांत येते. येथे क्रियापद ‘पे’ किंवा ‘साइन’. निषेध त्याच्या पाठीशी उभा राहतो.

उच्चाराचे थोडे सांगावयाचे राहिले. नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. क्रियापदानंतर इंग्लंडात ‘अगेन्स्ट’ घालतात, अमेरिकेत ते बहुधा गाळतात. मात्र आपले निरपराधित्व ‘प्रोटेस्ट’ करणारा आरोपी ‘अगेन्स्ट’ कधीच घालीत नाही, कारण तो तेथे साक्षीच्या जुन्या अर्थानेच बोलत असतो.